हायडीचे आजोबा आणि मायेनफेल्डची चढण

झ्युरिकहून निघालेली आगगाडी आधी झ्युरिकच्या आणि मग वालेनच्या सरोवराच्या काठाने धावते. सार्गान्सला गाडी बदलली की बाड रागाझ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव लागते आणि त्यापुढे मायेनफेल्ड. माझी शाळासोबतीण परिचारिका म्हणून त्या देशात गेली आणि तिथेच स्थिरावली. तिच्या घरी पंधरा दिवसांच्या पाहुणचाराला गेले असता मी हट्टाने तिला या गावी नेले. ती म्हणाली, "अगं, इतकी वर्षं इथं राहते, पण त्या गावात कधी पाय ठेवला नाही. शाळेतल्या गोष्टीसाठी कोण एवढी पायपीट करतं?" तरी ती आली.

ती शाळेतली गोष्ट म्हणजे 'हायडी'. आम्हा दोघींना ती एकाच पुस्तकाने दिली. सिस्टरांनी बक्षीस म्हणून दिलेली ती संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती होती. मोठी अक्षरे, रंगीत चित्रे आणि जेमतेम शंभर पाने. अनाथ मुलगी डोंगरावर एकलकोंड्या आजोबांकडे येते, शेळ्यांमागे हिंडते, शहरात नेली जाते, तिथे झुरते, परत येते. चाकाच्या खुर्चीतली श्रीमंत मैत्रीण डोंगरावर येऊन चालू लागते. एवढीच हायडी आम्हाला ठाऊक होती आणि तेवढ्यावर आम्ही तृप्त होतो. प्रवासाला निघण्यापूर्वी मी प्रथमच संपूर्ण अनुवाद वाचला आणि चकित झाले. आमच्या पुस्तकातून केवळ वर्णने गाळलेली नव्हती. कथेला जिच्यामुळे वळण मिळते, ती घटनाच काढून टाकलेली होती.

लेखिका योहाना स्पिरी. जन्म १८२७, झ्युरिकजवळच्या हिर्झेल या खेड्यात. वडील डॉक्टर, आई मेटा हॉइसर ही भक्तिगीते रचणारी कवयित्री. योहानाचे लग्न पुढे झ्युरिक नगराच्या चिटणीसपदी पोहोचलेल्या गृहस्थांशी झाले, आणि त्या शहरात तिचे मन फारसे रमले नाही. मायेनफेल्डला लागून असलेल्या जेनिन्स गावी ती एका मैत्रिणीकडे येऊन राहत असे. म्हणजे हायडीचा डोंगर हादेखील मैत्रिणीच्या घरी पाहुणी असताना पाहिलेला डोंगर आहे. 'हायडी'चा पहिला भाग १८८० साली आणि दुसरा १८८१ साली निघाला.

स्थानकापासून द्राक्षमळ्यांतून अर्ध्या-पाऊण तासाची चढण आहे. डोक्यावर फाल्कनिसचा कडा. या शिखराचे नाव कथेत खरेच येते. मात्र आजोबांच्या झोपडीखालचे 'डोर्फ्ली' नावाचे गाव लेखिकेच्या मनातले. त्या शब्दाचा अर्थच 'लहानसे गाव' असा आहे. आज मायेनफेल्डच्या वरच्या अंगाला एका जुन्या वस्तीचे 'हायडीगाव' केलेले आहे. तिकीट काढून आत जायचे. जुन्या पद्धतीचे लाकडी घर, चूल, दुधाची भांडी, बाहेर कुंपणात शेळ्या, आणि हायडीचा शिक्का मारून पत्र धाडण्याची सोय. जपानी पाहुण्यांची वर्दळ दिसली. जपानमध्ये १९७४ साली इसाओ ताकाहाता यांनी केलेल्या चित्रमालिकेने तिथल्या एका पिढीला ही गोष्ट दिली. जी मुलगी कधी जन्मली नाही, तिचे अंथरूण लोक रांगेने पाहत होते. मला हसू आले नाही. मीही त्याच रांगेत होते.

पण त्या घरात मी जे शोधत होते ते नव्हते, आणि ते आमच्या शाळेतल्या पुस्तकातही नव्हते. मूळ कथेत आजोबा 'तुसडे पण प्रेमळ' असे ठरावीक म्हातारे नाहीत. डोर्फ्लीत त्यांच्याविषयी बोलले जाते की तरुणपणी त्यांनी जुगारात आणि दारूत बापाची शेतीवाडी उधळली, मग नेपल्सला शिपाईगिरी केली, तिथे मारामारीत कुणाचा तरी जीव घेतला. मुलगा टोबियास सुतार झाला, तो तुळई अंगावर पडून गेला. सूनही गेली. गावाने म्हटले, ही देवाची शिक्षा. धर्मगुरूंनी पश्चात्ताप करा म्हणून सांगितले. म्हातारा डोंगरावर चढला आणि देव व माणसे दोघांशीही बोलणे बंद करून बसला. जिने स्पिरीविषयी आदर वाटतो अशी एक गोष्ट इथे आहे. हे सारे आपल्याला हायडीची मावशी डेटे हिच्या वाटेवरच्या गप्पांतून कळते. खुनाची गोष्ट खरी की खोटी, लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. गावाची बोलणी तिने पुराव्याच्या जागी बसवलेली नाहीत.

फ्रँकफुर्टमध्ये क्लाराची आजी हायडीला वाचायला शिकवते, प्रार्थना करायला सांगते आणि एक चित्रांचे पुस्तक देते. त्यात उधळ्या पुत्राचा दाखला आहे. हायडी घराच्या ओढीने झोपेत चालू लागते, डॉक्टर तिला परत धाडायला लावतात आणि ती ते पुस्तक घेऊन डोंगरावर येते. आजोबा तिला सांगतात की ज्याला देव विसरला तो कायमचा विसरला गेला, मागे फिरता येत नाही. ती म्हणते, येते, माझ्या पुस्तकात तसे लिहिले आहे. आणि लूकच्या पंधराव्या अध्यायातली ती गोष्ट ती आजोबांना वाचून दाखवते. रात्री म्हातारा दिवा घेऊन माळ्यावर चढतो, झोपलेल्या पोरीजवळ बराच वेळ उभा राहतो आणि पुत्राचे बोल आपल्या तोंडाने उच्चारतो. दुसऱ्या दिवशी रविवार असतो. चांदीच्या गुंड्यांचा, हायडीने कधी न पाहिलेला कोट घालून तो तिचा हात धरून चर्चला उतरतो.

आमच्या पुस्तकात हे प्रकरण नव्हते. आजोबा हायडीच्या सहवासाने हळूहळू 'चांगले' झाले, एवढेच होते. शर्ली टेंपलच्या १९३७ सालच्या चित्रपटात तर हायडीच्या सुटकेसाठी धावाधाव आहे, तीच जणू कथा. धर्माची वाक्ये गाळली तर पुस्तक सर्वांना चालेल, असा संक्षेप करणाऱ्यांचा हिशोब असावा. परंतु बापाची मालमत्ता उधळणारा मुलगा आणि बापाकडे परतणारा मुलगा हे एका सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या रूपाने आणण्याची कल्पना गाळली, तर उरतात त्या शेळ्या आणि फरची झाडे. मनुष्यस्वभावाचा बदल कारणाशिवाय घडवून दाखवणे हा वाङ्मयातील दोष आहे. तो संक्षेपाने स्पिरीच्या माथी मारला.

दाखल्यातला मोठा भाऊही कथेत आहे, असे मला वाटते, आणि तो म्हणजे पेटर. क्लारा डोंगरावर आली, हायडी तिच्यामागे लागली, म्हणून या गुराख्या पोराने तिची खुर्ची कड्यावरून लोटून दिली. लहानपणी आम्हाला तो दुष्ट वाटला होता. पण जो कधीच घराबाहेर गेला नाही आणि ज्याच्यासाठी कधी मेजवानी झाली नाही, त्याचा तो राग आहे. क्लाराची आजी त्याला शिक्षा करीत नाही. मनात बसलेल्या जागल्याविषयी समजावते आणि दर आठवड्याला एक नाणे आयुष्यभर मिळेल असे देते. इथे मात्र लेखिका कमी पडली. पेटरला ती पैशावर भागवते. संपूर्ण पुस्तकभर तो मंद, खादाड, भित्रा ठेवला आहे. गरिबाच्या पोराला इतके हसायला नको होते.

दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही. क्लारा शेळीच्या दुधाने आणि डोंगरवाऱ्याने बरी होते, हे फार सोपे आहे. डोर्फ्लीचे लोकही सुटतात. ज्यांनी इतकी वर्षे जीभ चालवली ते चर्चबाहेर हस्तांदोलनाला धावतात आणि म्हणतात, आम्हाला पूर्वीपासून वाटतच होते की तो तितका वाईट नाही. हा उपरोध लेखिकेचाच असेल, तर तिने तो फार हळू आवाजात ठेवला.

मात्र दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे, ज्यासाठी तो सारा वाचावा. ज्याची एकुलती एक मुलगी वारली तो फ्रँकफुर्टचा डॉक्टर डोंगरावर येतो. दुःख असले की देवाला सांगावे, असे हायडी त्याला म्हणते. तो विचारतो, दुःख देवाकडूनच आले असेल तर? मुलगी थोडा विचार करते आणि म्हणते, मग थांबायचे. तिच्याजवळ दुसरे उत्तर नाही. मग ती त्याला आंधळ्या आजीची आवडती भजने म्हणून दाखवते. याआधी आजीला तिने सतराव्या शतकातील लुथरन कवी पाउल गेर्हार्ड्ट यांचे सूर्यावरचे स्तोत्र वाचून दाखवलेले असते. आम्ही कॅथलिक वाचकांनी या प्रोटेस्टंट घरच्या भक्तीकडे परके म्हणून पाहू नये. मोतीबिंदू झालेल्या आजीला रोझरीनंतर संतचरित्र वाचून दाखवणाऱ्या नाती आपल्याही ओट्यांवर होत्या.

हा प्रसंग छापून झाल्यावर तीन वर्षांनी, १८८४ साली, योहाना स्पिरीचा एकुलता एक मुलगा वारला आणि त्याच वर्षी पतीही. त्यानंतर ती १९०१ पर्यंत जगली आणि लिहीत राहिली. २०२३ साली युनेस्कोने तिची व हायडीची कागदपत्रे जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवली.

उतरताना आम्ही गावातल्या चर्चमध्ये थोडा वेळ बसलो. तेही प्रोटेस्टंट पंथाचे, साध्या भिंतींचे. माझ्या मैत्रिणीला मी त्या रविवारची हकिकत सांगितली. ती म्हणाली, "आपल्या पुस्तकात हे नव्हतं." मी म्हटले, नव्हते. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. वाडीच्या वाटणीवरून तिचे व तिच्या थोरल्या भावाचे बोलणे आठ वर्षांपासून बंद आहे, हे मला ठाऊक होते. दर खेपेला वसईला आली तरी ती आमच्याकडे किंवा मावशीकडे उतरते. त्यावर मी काही विचारले नाही.

परतीच्या गाडीत तिने माझ्याजवळचे पुस्तक मागून घेतले आणि ते प्रकरण काढून दिल्यावर चष्मा लावून वाचत बसली. वालेनचे सरोवर खिडकीतून गेले तरी तिने मान वर केली नाही. तिचे स्थानक आले तेव्हा पुस्तक तिच्याच पिशवीत होते. मुंबईला परतताना माझ्या सामानात ते नव्हते, आणि मी मागितलेही नाही.