‘दर चौरस मीटरमागे’ : एका व्याख्येची चिकित्सा

कायद्याच्या कलमांची चर्चा पुष्कळ होते. व्याख्यांची क्वचितच होते. वस्तुतः कलमाचा आवाका व्याख्येनेच ठरत असतो. संसदेने २००१ साली संमत केलेल्या ऊर्जा संरक्षण अधिनियमातील इमारत संहितेची व्याख्या या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. जेथे ऊर्जा वापरली जाते त्या क्षेत्राच्या दर चौरस मीटरमागे व्यक्त केलेली ऊर्जावापराची प्रमाणके व मानके, असा तिचा मूळ आशय होता. या एका शब्दसमूहाने पुढील दोन दशकांतील व्यापारी इमारतींच्या मूल्यमापनाची दिशा निश्चित केली.

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट होईल. हिंदीत ‘संरक्षण’ म्हटले जाते तेथे मराठी शासनव्यवहारात ‘ऊर्जा संवर्धन’ रूढ झाले आहे. ‘संवर्धन’ या शब्दाच्या मुळाशी ‘वृध्’ हा वाढीचा धातू आहे. वृक्षसंवर्धनात वृक्ष वाढतो. ऊर्जा संवर्धनात मात्र वापर घटावा अशी अपेक्षा असते. ही विसंगती रूढीने पचवली आहे, असे म्हणून सोडून देता येईल. परंतु ‘बचत’ आणि ‘कार्यक्षमता’ यांमधील घोटाळा तसा सोडता येत नाही. दिवे मालवून अंधारात बसणे ही बचत आहे, कार्यक्षमता नव्हे. तेच काम कमी ऊर्जेत होणे म्हणजे कार्यक्षमता. अर्थात कार्यक्षमतेच्या कोणत्याही मापात ‘काम’ हे पद कोठेतरी असलेच पाहिजे.

२००७ च्या ऊर्जा संरक्षण इमारत संहितेच्या आणि २०१७ च्या तिच्या सुधारित आवृत्तीच्या व्यवहारात प्रमुख ठरलेला ऊर्जा कामगिरी निर्देशांक या कसोटीवर कसा उतरतो? वर्षभरात वापरलेल्या विजेची युनिटे भागिले बांधकामाचे क्षेत्रफळ, असे त्याचे सूत्र आहे. त्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. वीजबिल आणि नकाशा एवढ्या सामग्रीवर तो काढता येतो, आणि लहानमोठ्या इमारती एका पंक्तीत मांडता येतात. उणीव आहे ती भाजकात. क्षेत्रफळ हे काम नव्हे. ते कामाचे केवळ स्थान होय.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. १०,००० चौरस मीटरच्या एका कार्यालयात १,००० माणसे काम करतात आणि वर्षाला १२ लाख युनिटे वीज लागते. निर्देशांक येतो १२०. पुढे निम्मी माणसे निघून जातात व वापर ९ लाखांवर येतो. निर्देशांक ९० होतो, म्हणजे इमारत ‘सुधारते’. पण माणशी वापर १,२०० युनिटांवरून १,८०० वर गेलेला असतो. जी इमारत ओस पडत चालली तिलाच अधिक गुण देणारे माप सदोष आहे, हे सांगण्यास स्थापत्यशास्त्राची गरज नाही.

या दोषाची जाणीव संबंधित यंत्रणेस मुळीच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने तारांकन योजनेत हवामानाचे विभाग आणि वातानुकूलित क्षेत्राचे प्रमाण लक्षात घेतले. रात्रंदिवस चालणाऱ्या बीपीओ कार्यालयांसाठी तर दर तासामागचा स्वतंत्र निर्देशांक योजला. तासांना भाजकात स्थान मिळू शकते, तर माणसांना का नाही, हा प्रश्न त्यामुळे अधिकच ठळक होतो.

दुसरा दोष निव्वळ भाषिक आहे. २०१७ च्या संहितेनुसार नियोजित इमारतीचा निर्देशांक संगणकीय प्रतिरूपावरून काढून त्याची तुलना एका कल्पित प्रमाण इमारतीशी करता येते. उलट, तारांकनात तोच निर्देशांक प्रत्यक्ष वापरावरून निघतो. एक भाकीत, दुसरे मोजमाप. नाव मात्र एकच. चालकाने वातानुकूलन किती अंशांवर ठेवले, सुटीच्या दिवशी यंत्रणा चालू राहिली काय, यांवर दुसरी संख्या अवलंबून असते. पहिलीत या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एका संज्ञेने दोन भिन्न अर्थ वाहिले की आश्वासन हेच सिद्धी म्हणून खपते. इमारत उभी राहण्यापूर्वीच तिला ‘कार्यक्षम’ म्हणण्याची प्रथा या अनेकार्थतेच्या आश्रयाने वाढते, आणि ज्यांचे वीजबिल प्रत्यक्षात चढेच राहते त्या भाडेकरूंपाशी तक्रार मांडण्यास शब्दही उरत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने व्याख्या व्यापक झाली. नवीकरणीय ऊर्जेचा वापर व हरित इमारतींच्या अन्य अपेक्षा तीत आल्या. २०२४ ची नवी संहिता त्याच मार्गाने पुढे गेली आहे. हा विस्तार स्वागतार्ह आहे. मात्र विषय वाढवल्याने माप आपोआप नेमके होत नाही. त्यासाठी दोन साधे उपाय संभवतात. निर्देशांकापूर्वी ‘अनुमानित’ किंवा ‘प्रत्यक्ष’ हे विशेषण अनिवार्य करावे, आणि क्षेत्रफळाशेजारी माणसांची व तासांची संख्या नोंदवावी. यांपैकी एकाही उपायास नवे यंत्र लागत नाही; शब्द काटेकोरपणे वापरण्याची तयारी तेवढी लागते.