दालन कोणाचे?

स्वतंत्र संगीतकारांची श्रोत्यांशी थेट गाठ घालून देणारे ‘बँडकँप’ हे संकेतस्थळ अमेरिकेत २००८ साली सुरू झाले. गाण्याच्या विक्रीतून ते सामान्यतः १५ टक्के घेते. ही वाटणी आम्हांस न्याय्य वाटते. परंतु त्याचा खरा गुण निराळाच. तेथे गाण्यासमवेत गावाचे नाव नोंदविता येते, आणि श्रोत्यास गावावरून गायक शोधता येतो. आपल्याकडील जुन्या ध्वनिमुद्रिकांवर तबलजीचे नावदेखील बहुधा नसे, हे स्मरले म्हणजे या साध्या सोयीचे मोल कळते! मात्र २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा या दालनाची मालकी पालटली. दुसऱ्या खेपेस सुमारे निम्मे सेवक गेले. नव्या कलावंतांचा परिचय करून देणारे काही संपादकही त्यांत होते. गाणाऱ्यांचा त्या मालकीत कवडीचाही वाटा नव्हता.