रक्तातली मेदाम्ले : साक्षीदार की आरोपी?

रक्तातील मेदाम्ले म्हणजे आपण खाल्लेल्या तेलातुपाचा हिशेब, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रक्तात संपृक्त मेदाम्ले जास्त आढळली, तर ताटात तूप जास्त पडले असणार. एखादे ‘चांगले’ मेदाम्ल कमी आढळले, तर ते बाहेरून घ्यायला हवे. या समजुतीच्या आधारावर आता गोळ्याही विकल्या जात आहेत. तेव्हा मूळ संशोधन काय सांगते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कोठे घसरतो, हे आपण शिक्षकांनी तपासून पाहायला हवे.

युरोपातील आठ देशांत झालेल्या ‘इंटरॅक्ट’ पाहणीचा या विषयावरील निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. पुढे टाइप-२ मधुमेह झालेल्या १२,४०३ जणांचे रक्त आजार होण्याआधीच घेऊन ठेवलेले होते. त्याची तुलना १६,१५४ जणांच्या प्रातिनिधिक गटाशी करण्यात आली. ज्यांच्या रक्तात १४, १६ व १८ कार्बन अणूंची संपृक्त मेदाम्ले अधिक होती, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळले. १५ व १७ कार्बनची मेदाम्ले अधिक असणाऱ्यांत मात्र ते कमी आढळले. ‘संपृक्त मेद’ हा एकच गठ्ठा नाही, हे या पाहणीने चांगले दाखवून दिले. तिचे श्रेय तेवढे नक्कीच आहे.

घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. सम व विषम ही विभागणी मुळात कोठून येते, ते पाहू. शरीरात मेदाम्ल तयार होताना दोन कार्बनच्या तुकड्यापासून सुरुवात होते आणि दर वेळी दोन-दोन कार्बन जोडले जातात. २ + (७ × २) = १६. हेच पामिटिक आम्ल. आहारात कर्बोदके गरजेपेक्षा जास्त झाली, की यकृत त्यांपासून ते स्वतःच बनवते. म्हणजे रक्तातले पामिटिक आम्ल तुपातून आलेले असेल, तसेच साखरेतून घडलेलेही असेल.

याची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चयापचयाचे विकार असलेल्या १६ प्रौढांना दर तीन आठवड्यांनी आहार बदलून देण्यात आला. कर्बोदके रोज ४७ ग्रॅमपासून ३४६ ग्रॅमपर्यंत वाढवत नेली आणि संपृक्त मेद ८४ ग्रॅमवरून ३२ ग्रॅमवर आणला. खाण्यातला संपृक्त मेद इतका बदलूनही रक्तातल्या संपृक्त मेदाम्लांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. वाढले ते पामिटोलेइक आम्ल, आणि तेही कर्बोदकांबरोबर. ज्या घरात तेल मोजून वापरतात पण साखर आणि भात मोजत नाहीत, तेथे ही गोष्ट सांगायलाच हवी.

आता विषम संख्येची बाजू. १५ कार्बनचे मेदाम्ल रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू बनवतात, म्हणून ते दुधाच्या स्निग्धांशात थोडे असते. पण आपल्या आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थांपासून तीन कार्बनचे प्रोपिऑनिक आम्ल तयार करतात. त्यापासून सुरुवात झाली तर ३ + (६ × २) = १५. म्हणजे हे मेदाम्ल दूध पिण्याची खूण असेल, तसेच भाज्या, डाळी, भरड धान्य खाण्याचीही असू शकेल. अशा खाण्याचा लाभ त्या एका रेणूच्या खात्यावर जमा करणे घाईचे ठरते.

आणखी एक मेख गणिताची आहे. अशी मोजमापे पुष्कळदा शेकडेवारीत देतात. समजा एकूण १०० भागांत पामिटिक ४० भाग आणि पंधरा कार्बनवाले १ भाग आहे. यकृताने पामिटिकचे २० भाग नव्याने घातले, तर एकूण १२० झाले. पंधरावाले होते तेवढेच आहे, पण त्याची शेकडेवारी १ वरून ०.८३ वर आली. काही कमी न होता ‘कमतरता’ दिसू लागली!

२०२० साली स्टेफनी व्हेन-वॉटसन व सहकाऱ्यांनी हे १५ कार्बनचे मेदाम्ल ‘आवश्यक’ असावे का, असा प्रश्न एका निबंधात मांडला. उंदीर व सशांवरचे त्यांचे निकाल आशादायक होते. व्हेन-वॉटसन हे मेदाम्ल विकणाऱ्या कंपनीच्या सहसंस्थापक आहेत. तेवढ्यानेच दावा खोटा ठरत नाही. पण ‘आवश्यक’ या शब्दाची कसोटी जुनी आहे. जॉर्ज व मिल्ड्रेड बर यांनी १९२९-३० मध्ये उंदरांना स्निग्धविरहित आहार दिला. त्यांची वाढ खुंटली, कातडी खवलेदार झाली, आणि लिनोलेइक आम्ल देताच ती सुधारली. वगळल्यावर रोग आणि दिल्यावर आराम, असा दुहेरी पुरावा २०२० च्या निबंधात नव्हता. पुढे २०२४ साली ३० जणांवरील १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. गोळी घेतल्यावर रक्तातली पातळी वाढली. परंतु पातळी वाढणे वेगळे आणि मधुमेह टळणे वेगळे; दुसरी गोष्ट इतक्या थोड्या माणसांत, इतक्या थोड्या काळात ठरवता येत नाही.

मग ही मेदाम्ले मोजणे व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. यकृतात काय चालले आहे याची ती साक्ष देतात, आणि मधुमेहाचा धोका वर्षानुवर्षे आधी ओळखण्यास त्यांची मदत होऊ शकेल. पण साक्षीदाराला आरोपी करू नये आणि तारणहारही करू नये. अशी बातमी वा जाहिरात वर्गात आली, तर मुलांना तीनच प्रश्न विचारायला लावावेत : हा पदार्थ खाण्यातून आला की शरीरात बनला? आकडा वजनाचा आहे की शेकडेवारीचा? आणि तो बदलल्यावर आजार बदलला, की नुसता आकडाच?