अक्षवृत्तीय जाळीवरील सरासरी : एका रूढ पद्धतीची समीक्षा

हवामानशास्त्र व भूगोल यांतील सामग्री आज बहुधा अक्षांश-रेखांशांच्या समान अंतरांवर आखलेल्या जाळीच्या रूपाने अभ्यासकाच्या हाती येते. एक-एक अंशाची जाळी घेतल्यास १८० ओळी, ३६० स्तंभ व ६४,८०० चौकोन होतात. या सर्व आकड्यांची बेरीज करून तिला चौकोनांच्या संख्येने भागले की जागतिक सरासरी मिळाली, असे मानण्याचा मोह सहज होतो. हे अंकगणित निर्दोष असले तरी त्यामागील भूमिती सदोष आहे.

रेखावृत्ते ध्रुवांकडे एकत्र येत जातात. विषुववृत्तावर रेखांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. ६० अक्षांशावर ते निम्मे होते. पृथ्वी गोल मानल्यास चौकोनाचे क्षेत्रफळ त्याच्या मध्य अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात असते. दोन्ही गोलार्धांत ६० अंशांपलीकडील प्रदेश भूपृष्ठाच्या अवघा १३·४ टक्के आहे; परंतु जाळीतील एकतृतीयांश ओळी त्याच्याच वाट्यास येतात. समजा, त्या प्रदेशात तापमान ३ अंशांनी व अन्यत्र १ अंशाने वाढले. साधी सरासरी १·६७ अंश येईल. क्षेत्रभारित सरासरी १·२७ अंशच भरेल.

तथापि कोज्येचा भार सरसकट लावणे हाही दोषच होय. तापमान किंवा पावसाची उंची यांना भार हवा. चौकोनातील एकूण लोकसंख्येसारख्या राशींची केवळ बेरीज करावयाची असते, कारण क्षेत्रफळ त्यांत आधीच सामावलेले असते. शिवाय रिकाम्या चौकोनांचा प्रश्न भाराने सुटत नाही. ‘हॅडक्रट-४’ या पाच अंशांच्या तापमानजाळीत अलीकडच्या दशकांत पृथ्वीचा सरासरी ८४ टक्के भागच येत होता, आणि वेगाने तापणारा आर्क्टिक प्रदेश बराचसा वगळला जात होता. काउटन व वे यांनी २०१४ मध्ये ही पोकळी भरून काढली, तेव्हा १९९७ नंतरच्या तापमानवाढीचा कल मूळ सामग्रीतील कलाच्या सुमारे अडीच पट निघाला. तापमानवाढ मंदावल्याच्या तत्कालीन चर्चेचा काही भाग अशा रीतीने रिकाम्या चौकोनांवरच उभा होता.

नकाशाच्या बाबतीतही हाच विवेक आवश्यक आहे. अक्षांश-रेखांश सरळ आयतावर मांडले, तर ६० अक्षांशावरील क्षेत्र विषुववृत्ताच्या तुलनेने दुप्पट दिसते. मर्केटरच्या १५६९ च्या प्रक्षेपणात ते चौपट होते. रंगीत वितरण-नकाशा पाहणारा वाचक नकळत डोळ्यांनीच सरासरी काढीत असतो. म्हणून भारित सरासरीचा आकडा देऊन शेजारी असा नकाशा छापणे हे आपल्याच निष्कर्षाला छेद देणे होय. मोलवाइडेचे १८०५ चे समक्षेत्र प्रक्षेपण कडांजवळचे आकार विकृत करते. परंतु वितरण दाखविताना आकारापेक्षा क्षेत्रफळाची निष्ठा श्रेष्ठ मानली पाहिजे.

या दोषाचे प्रमाण मात्र प्रदेशानुसार बदलते. महाराष्ट्राच्या दक्षिण व उत्तर टोकांवरील चौकोनांच्या क्षेत्रफळांत सुमारे ४ टक्क्यांचाच फरक पडतो. संपूर्ण भारत घेतल्यास तो सुमारे २४ टक्क्यांवर जातो. राज्यापुरत्या अभ्यासात क्षम्य ठरणारी सवय देशाच्या अभ्यासात संशयास्पद व जगाच्या अभ्यासात घातक ठरते. यास्तव प्रत्येक प्रबंधात सरासरीच्या आकड्याबरोबर वापरलेला भार, रिकाम्या चौकोनांची व्यवस्था व नकाशाचे प्रक्षेपण या तिन्हींचा स्पष्ट निर्देश असावा. त्यावाचून त्या आकड्याची परीक्षा करणे वाचकास शक्य होत नाही.