‘कर नाही त्याला डर कशाला?’ : एका म्हणीची उलटतपासणी



विषय जाहीर झाल्यापासून दोन प्रतिक्रिया कानावर आल्या. पहिली अशी : सर, आपल्याकडं पाण्यावर बोला, ऊसतोडीवर बोला; टीव्ही माणसावर नजर ठेवतो का, हा पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांचा प्रश्न. दुसरी प्रतिक्रिया म्हणजे एक म्हणच होती : कर नाही त्याला डर कशाला? मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. म्हणी वापरायला सगळ्यांनाच येतात, त्या तपासून बघणं हे आमच्या धंद्याचं काम. तेव्हा आज या म्हणीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर आधी देतो, कारण ते न्यायालयात देऊन झालेलं आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यातून पुढं प्रश्न निघाला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का? गरिबाला आधी अन्न हवं, खासगीपणाची चैन मूठभरांची, अशा धर्तीचा युक्तिवाद तिथंही झाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं सांगितलं की हा मूलभूत हक्क आहे, आणि ही श्रीमंतांची चैन असल्याची कल्पना फेटाळून लावली. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला १९७६ चा जबलपूर खटल्याचा निर्णय चुकीचा ठरवला. त्या जुन्या निर्णयाच्या बाजूनं मत देणाऱ्यांत त्यांचे वडील, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. मुलानं वडिलांचं मत खोडलं ते नागरिकाच्या बाजूनं. हा निकाल जेवढा मलबार हिलवाल्याचा, तेवढाच पाटोद्याचाही आहे.

आता यंत्राकडं वळू. आधी यंत्र समजून घ्यावं आणि मग मत द्यावं, ही साधी शिस्त आहे.

पूर्वीचा टीव्ही फक्त दाखवायचा. आता बाजारात येणारा स्मार्ट टीव्ही दाखवतो आणि बघतोही. बघतो म्हणजे त्याला कॅमेरा असतोच असं नाही. पडद्यावर चाललेल्या चित्राचे थोडे थोडे ठिपके तो ठराविक अंतरानं उचलतो, त्यांचा एक ठसा बनवतो, आणि तो ठसा कंपनीच्या साठ्यातल्या हजारो कार्यक्रमांच्या ठशांशी जुळवला जातो. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसा चित्राच्या ठशावरून कार्यक्रम ओळखला जातो. तुम्ही सेट टॉप बॉक्स लावा, पेनड्राइव्ह लावा. चित्र पडद्यावर आलं की ठसा घेता येतो.

हे तर्कावर बोलत नाही. अमेरिकेत व्हिझिओ नावाच्या टीव्ही कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली. २०१४ पासून सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींमधून सेकंदासेकंदाची माहिती ग्राहकाला नीट न सांगता घेतली, असा आरोप होता. त्या माहितीला घरातल्यांचं वय, उत्पन्न, शिक्षण, लग्न झालंय की नाही, घर स्वतःचं की भाड्याचं, हेही जोडण्याची सोय केली आणि ती इतरांना विकली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीनं २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आणि ज्या सुविधेखाली हे चालायचं तिचं नाव होतं ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’. नाव ऐकून कुणाला वाटेल का, की हा आपल्यावरचा पहारा आहे?

याच्याशेजारी आपल्याकडची एक गोष्ट ठेवून बघा. टीआरपी मोजण्यासाठी मुंबईची ‘बार्क’ ही संस्था निवडक घरांत मीटर बसवते. त्या घरांना मीटर आहे हे माहीत असतं, त्यांची संमती असते, आणि ती घरं कोणती हे गुप्त ठेवायचं असतं. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा आरोप असा होता की या घरांची माहिती फुटली आणि काही घरांना ठराविक वाहिनी लावून ठेवायला पैसे दिले गेले. पुढं ते प्रकरण न्यायालयात मागे घेतलं गेलं, त्यामुळं दोषी कोण यावर मी बोलणार नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की, एका घरात काय बघितलं जातं या माहितीला बाजारात किंमत आहे. बार्क ज्या माहितीसाठी परवानगी मागते, तीच माहिती स्मार्ट टीव्ही दुकानातून घरी येतानाच घ्यायच्या तयारीनं येतो.

दुसरं यंत्र विजेचं मीटर. महावितरणच्या स्मार्ट मीटरवरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. केंद्राच्या २०२१ च्या योजनेतून देशभर प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचे ठरले. विरोध वाढला तेव्हा जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही अशी घोषणा झाली, आणि नंतर टीओडी मीटर आले. म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी वीज वापरली ते नोंदवणारे. ते बिल नंतर देतात, पण आहेत स्मार्टच.

या वादावर माझी टीका आहे, आणि ती विरोध करणाऱ्यांवरही आहे. मीटर पळतं का, कंत्राट कुणाला, रीडिंग घेणाऱ्या पोरांच्या नोकऱ्यांचं काय, हे सगळं बोललं गेलं. रास्तच होतं. पण मीटर आता काय काय *सांगतं*, यावर जवळजवळ कुणीच बोललं नाही. साधं गणित करा. जुन्या मीटरचा आकडा महिन्यातून एकदा घेतला जायचा. वर्षाचे आकडे १२. स्मार्ट मीटर पाव तासाला नोंद करू लागलं तर दिवसाचे ९६ आणि वर्षाचे ३५,०४० आकडे होतात. १२ आकड्यांवरून बिल काढता येतं. ३५,०४० आकड्यांवरून घर किती वाजता उठतं, रात्री कोण जागतं, मोटर कधी चालते आणि घर कधी रिकामं असतं, हे काढता येतं.

अमेरिकेत जॉर्ज हार्ट या संशोधकानं १९८० च्या दशकात एकाच मीटरवरून घरातली वेगवेगळी उपकरणं ओळखण्याची पद्धत विकसित केली, आणि यातून घरावर पाळत ठेवता येईल हा इशारा त्यानंच १९८९ मध्ये लिहून दिला. ज्यानं कुलूप उघडायची युक्ती शोधली, त्यानंच घरमालकाला सावध केलं! नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचं करणारा कायदा २००९ मध्ये तिथल्या वरिष्ठ सभागृहानं अडवला, आणि त्यात खासगीपणाची चिंता हे मोठं कारण होतं. मीटर नंतर आलं, पण सक्ती गेली. आपल्याकडं हा प्रश्न नीट विचारलाच गेला नाही.

(सभागृहातून : पण सर, गावात सगळ्यांना सगळं माहीतच असतं की!)

बरं झालं बोललात. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच अवघड आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातल्या वस्त्यावस्त्यांवर घरांना कुलपं लागतात. कोण कोणत्या मुकादमाबरोबर गेलं, कुणी उचल किती घेतली, म्हातारी कुणाकडं ठेवली, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. मग मीटरनं घर रिकामं असल्याची नोंद केली तर बिघडलं काय?

फरक असा. शेजारणीला तुमचं माहीत असतं, तसं तिचं तुम्हाला माहीत असतं. नजर दोन्हीकडून असते. ती जास्त बोलली तर तुम्ही तिच्या दारात जाऊन जाब विचारू शकता. शिवाय शेजारीण विसरते. यंत्राची नजर एका बाजूची. ते तुम्हाला बघतं, तुम्हाला ते दिसत नाही. ते विसरत नाही. आणि जाब विचारायला त्याला दारच नाही. उद्या कर्ज देणाऱ्यानं तुमचा वीजवापर बघून तुमची पत ठरवली, तर ‘माझ्याबद्दल तुला कुणी सांगितलं?’ हा प्रश्न तुम्ही विचारायचा कुणाला?

पण म्हणून गावाच्या नजरेला मी सोवळं नेसवणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गोडव्यांवर जी कठोर टीका केली, ती याच नजरेच्या अनुभवातून आलेली होती. कुणाच्या चुलीवर काय शिजतं, कोण कुणाशी बोलतं, हे बघणारी नजर जातीची असते आणि पुरुषाचीही असते. ज्यानं ती सोसली त्याला शहरातली अनोळखी गर्दी मोकळी वाटते. त्यामुळं ‘गावात खासगीपणा नव्हताच’ हे मान्य करूनही, ‘म्हणून तो नको’ असा निष्कर्ष निघत नाही. उलट तो जास्तच हवा, असा निघतो.

आता म्हणीकडं. ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीत एक गृहीतक दडलेलं आहे : बघणारा न्यायी आहे, आणि त्यानं बघितल्याचा अर्थ बरोबर लावला आहे. हे गृहीतक काढलं की म्हण कोसळते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसानं काय केलं हे न बघता तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याची नोंद, हजेरी, फिरण्यावर बंदी सुरू केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण आपल्या भागातल्या पारधी माणसाला आजही विचारा. चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या पालावर जातात? त्यानं ‘कर’ केलेलं नसतं, तरी ‘डर’ त्याच्या वाट्याला येतं. ही म्हण ज्याच्यावर कुणी संशय घेत नाही अशा माणसाची आहे. आणि माहितीवरून माणसांचे गट पाडणारं यंत्र संशयच वाटतं; कुणाच्या वाट्याला किती, ते आपल्याला कळतही नाही.

मराठीत दुसरीही एक म्हण आहे : झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचा अर्थ आपण फसवेगिरीशी जोडतो. मला तिच्यात प्रतिष्ठा दिसते. मूठ कधी उघडायची हे ठरवायचा अधिकार मुठीच्या मालकाचा. खासगीपणा म्हणजे एवढंच. त्यात लपवालपवी नाही.

मग कायदा काय म्हणतो? ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली. कायद्यात चांगलं आहे ते आधी सांगतो. संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली हवी. सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय हवा. कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

माझे आक्षेप तीन. पहिला : संमती एका माणसाची धरली आहे, पण टीव्ही घराचा असतो. टीव्ही आणला त्या दिवशी नातवानं भराभर ‘ओके’ दाबलं. आजी, सून, पाहुणे, शेजारची पोरं यांनी कधी संमती दिली? दुसरा : मुलांचा माग काढायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला कायद्यानं मनाई केली. उत्तम. पण पडद्यासमोर बसलेलं मूल आहे की आजोबा, हे ओळखायचं तर यंत्रानं आणखी बारकाईनं बघायला हवं. म्हणजे संरक्षणासाठी पाळत वाढवायची. तिसरा सगळ्यात गंभीर : माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमात नुकसान झालेल्याला भरपाई मागण्याची तरतूद केलेली होती. नव्या कायद्यात ते कलमच वगळण्याची तरतूद आहे. दंड सरकारी तिजोरीत जाणार. घर आमचं, माहिती आमची, नुकसान आमचं, आणि पैसा दिल्लीला. शिवाय सरकारी यंत्रणांना अधिसूचनेनं सूट देण्याची तरतूद आहे ती वेगळीच.

एक गोष्ट कायद्याच्या पलीकडची. हल्ली पुण्यात नोकरीला असलेली मुलं गावाकडच्या आईवडिलांच्या घरात कॅमेरा बसवतात. हेतू प्रेमाचा असतो, काळजीचा असतो. घरगुती वापराला कायदा लागूही होत नाही. पण दुपारी पदर बाजूला टाकून जरा आडवं व्हायचं, तर आई आधी कॅमेऱ्याकडं बघते. तिला विचारलं होतं का? काळजी हीसुद्धा पाळत होऊ शकते. वाड्याला ओसरी होती आणि माजघरही होतं. कॅमेरा लावायचाच तर तो ओसरीवर थांबावा, एवढं तरी आईला विचारून ठरवावं.

करायचं काय, हे सांगितल्याशिवाय थांबलो तर तुम्ही म्हणाल, सरांनी नुसतं घाबरवलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ अशा नावांनी हे सापडतं, ते बंद करा. नुसत्या सेट टॉप बॉक्सवर बातम्या बघायच्या असतील तर टीव्हीला वायफाय जोडूच नका. मीटर बदलायला माणूस आला तर भांडू नका, पण वीज कंपनीला लेखी विचारा : नोंद किती मिनिटांनी होते, ती किती वर्षं ठेवता, कुणाकुणाला देता? ग्रामसभेतून विचारा, म्हणजे एकट्याचा प्रश्न गावाचा होतो. उत्तर मराठीत मागा.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘कर नाही त्याला डर कशाला’ म्हणालं, तर त्याला शांतपणे म्हणा, मग तुमचं पासबुक जरा इथं सगळ्यांसमोर ठेवा. तो हसेल आणि खिशावर हात ठेवेल. तो हात म्हणजेच आजचा विषय.

इथंच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.