गोळी, दृष्टी आणि मथळा

लैंगिक दुर्बलतेवरील औषधांविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन प्रामुख्याने आढळते. एक जाहिरातींचे : 'संपूर्ण नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत.' दुसरे मथळ्यांचे : 'गोळीमुळे अंधत्व!' माळशिरससारख्या तालुक्याच्या गावी सामान्य वाचकापर्यंत बहुधा हेच पोचते. आमच्या मते दोन्ही सदोष आहेत, आणि त्यांतील दोष विज्ञानशिक्षकाला सहज दाखवून देता येतील असे आहेत.

आधी रसायन पाहू. सिल्डेनाफिल हे या वर्गातील पहिले औषध अमेरिकेत १९९८ साली संमत झाले. ते फॉस्फोडायएस्टरेज-५ या विकराला अडवते. त्यामुळे चक्रीय जीएमपी हे संयुग टिकून राहते व रक्तवाहिन्या सैल होतात. याच विकराचा भाऊबंद, क्रमांक ६, दृष्टिपटलातील दंडाकार व शंकाकार पेशींत असतो. अंधारात चक्रीय जीएमपी या पेशींतील आयनांचे मार्ग उघडे ठेवते. प्रकाश पडताच सहावा विकर त्याचे विघटन करतो, मार्ग मिटतात आणि मेंदूकडे जाणारा संदेश बदलतो. सिल्डेनाफिल पाचव्याबरोबर सहाव्यालाही थोडे अडवते. म्हणून काहींना काही तास सारे निळसर दिसते, उजेड सोसत नाही. मात्रा १०० मिलिग्रॅम असेल, तर साधारण दहांतील एकाला असा त्रास जाणवतो. कमी मात्रेत तो बराच विरळ. टॅडालाफिल सहाव्याला फारसे शिवत नाही, त्यामुळे तेथे ही तक्रार क्वचितच.

जाहिरातीतील 'नैसर्गिक' हा शब्द येथे दिलासा देत नाही. अशा कित्येक उत्पादनांत लेबलावर न लिहिलेले सिल्डेनाफिल निरनिराळ्या देशांच्या औषध नियंत्रकांना सापडले आहे. शिवाय लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

आता मथळा. दृष्टिचेतेचा रक्तपुरवठा खुंटून एका डोळ्याची दृष्टी अचानक जाण्याची ४३ उदाहरणे २००५ साली अमेरिकी औषध प्रशासनापुढे होती, आणि तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आली. पण भाजकाशिवाय भाज्याला अर्थ काय? गोळी घेणारे दोन कोटींहून अधिक होते. गोळी न घेताही पन्नाशीपुढील दर लाख माणसांत वर्षाला सुमारे २ ते १० जणांना हा विकार होतो. मधुमेह व रक्तदाब ही दोन्ही विकारांची समान कारणे. मात्र सर्वच घटना कळविल्या जात नाहीत, हेही खरे. तेव्हा 'गोळीने अंधत्व येते' हे सिद्ध नाही. 'धोका मुळीच नाही' हेही नाही.

मथळा वाचून घाबरलेला माणूस डॉक्टरांना विचारण्यास लाजतो, आणि जाहिरातीला भुललेला चिठ्ठीशिवाय गोळी आणतो. दोघांनाही आवश्यक तेवढेच कोणी सांगत नाही. ते असे : एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले तर गोळी थांबवून त्वरित नेत्रतज्ज्ञ गाठावा, पूर्वी असा झटका आलेल्यांनी किंवा आनुवंशिक दृष्टिपटलविकार असलेल्यांनी आधीच डॉक्टरांना सांगावे, छातीदुखीवरील नायट्रेटबरोबर ही गोळी कदापि घेऊ नये.

वर्गात डोळा शिकविताना आपण कॅमेऱ्याची उपमा देतो आणि पडद्यावर प्रतिमा उमटली की थांबतो. खरे रसायन तेथूनच सुरू होते. वरिष्ठ विद्यार्थ्यांसमोर ते मांडले, तर असा मथळा पुढे आल्यावर 'कितींपैकी किती?' हा प्रश्न ते स्वतःच विचारतील.