नाटककाराचा दिनक्रम व नाटकाचा मुलूख

नाटककार राहतो कोठे, दिवस कसा घालवितो आणि लिहावयास बसतो केव्हा, हे प्रश्न वाङ्मयचर्चेत गौण समजले जातात. आम्हांस ते तसे वाटत नाहीत. कवीचे एकांतात भागते; नाटककारास नट आणि प्रेक्षक लागतात, आणि त्यांच्याशी त्याचा नित्याचा संबंध निकट असेल वा विरळ असेल, त्याप्रमाणे त्याच्या लेखनाचा घाट बदलतो. विदर्भापुरते पाहिले तरी याची दोन टोके दिसतात.

पहिले टोक राम गणेश गडकऱ्यांचे. गडकरी नाटक मंडळ्यांच्या संगतीत वाढले. कोणता नट कोणते वाक्य कसे उचलील, हे त्यांस कागदावर लेखणी टेकण्यापूर्वीच ठाऊक असे. 1919 च्या जानेवारीत सावनेर येथे त्यांचा अंत झाला, तोही बळवंत संगीत मंडळीसाठी ‘भावबंधन’ पुरे करून. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. रुग्णशय्येवरही ज्याच्या लेखनाची मंडळी वाट पाहत आहे, अशा नाटककाराचे ते जीवित होते.

दुसरे टोक महेश एलकुंचवारांचे. 1939 साली यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे त्यांचा जन्म झाला. घरची भाषा तेलुगू, गावची वऱ्हाडी, आणि पुढे नागपुरास व्यवसाय इंग्रजीच्या अध्यापकाचा. याच जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात आठवडी बाजारात उभे राहिले तर मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी कानांवर पडतात. ज्यास ही सरमिसळ परिचित आहे, त्यास एलकुंचवारांच्या संवादांतील तोलूनमापून वापरलेल्या शब्दाचे रहस्य थोडेफार उमगावे. त्यांच्या दारी कोणतीही मंडळी हस्तलिखितासाठी खोळंबून बसलेली नव्हती. ‘सुलतान’ ही एकांकिका 1967 साली ‘सत्यकथे’त छापली गेली आणि विजया मेहतांची दृष्टी तीवर गेली, ती छापील पानावरूनच. वर्ग घ्यावेत, वाचावे, संगीत ऐकावे, आणि लिहिण्यासारखे काही नसेल तर वर्षानुवर्षे गप्प राहावे, ही चैन धंदेवाईक रंगभूमीच्या नाटककारास परवडत नाही.

या एकांताचे उत्कृष्ट फळ ‘वाडा चिरेबंदी’, हे निराळे सांगणे नको. 1985 साली विजया मेहतांनी ते रंगभूमीवर आणले. धरणगावच्या देशपांड्यांचा कर्ता पुरुष निवर्तला आहे, मुंबईचा मुलगा दिवसांसाठी आला आहे, आणि तेराव्याचा खर्च कोणी करावा यावर घर आतल्या आत उसवत आहे. कथानक म्हणावे तर एवढेच. परंतु अंगणात बंद पडून राहिलेला ट्रॅक्टर पाहा. कोणी त्यावर भाष्य करीत बसत नाही. तो आहे, लोक त्यास ठेचकाळतात, बस्स. रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर चढविते, त्या प्रवेशात लोभ आणि दैन्य इतके एकजीव झाले आहेत, की प्रेक्षकास तिचा तिरस्कारही करवत नाही. टाळीवर डोळा ठेवून लिहिणारास हा प्रवेश साधता ना. त्याने तेथे एक फर्डे स्वगत घातले असते. (गडकऱ्यांनी ते घातलेच असते, आणि आम्ही ते पाठ केले असते, ही गोष्ट वेगळी!)

तथापि या एकांताची किंमतही आहे. वाड्याची जमीन ज्यांच्या घामावर पिकली ती माणसे या नाटकात जवळजवळ येतच नाहीत. काही टीकाकार हा लेखकाचा वर्गीय आंधळेपणा मानतील. आम्हांस तसे म्हणवत नाही. जे आतून पाहिले तेवढेच लिहिणे हा प्रामाणिकपणा आहे, आणि एलकुंचवारांस आपल्या मर्यादेची जाणीव पूर्वीपासून होती. 1976 च्या ‘पार्टी’त दिवाणखान्यातील साहित्यिक मद्याचे पेले हाती घेऊन ज्याच्याविषयी बोलतात, तो अमृत नावाचा कवी आदिवासींत जाऊन राहिला आहे. मेजवानीस तो येत नाही. त्या न येण्यानेच सगळे नाटक पेलले आहे. लेखकाने राहावे कोठे, हा आमच्या आरंभीचा प्रश्न स्वतः नाटककाराने येथे असा विचारला आहे, आणि उत्तर दिलेले नाही.

आता आजच्या रंगभूमीकडे वळू. वर्धा व वैनगंगा ओलांडून पूर्वेस गेले, की झाडीपट्टीची रंगभूमी लागते. वडसा हे तिचे मुख्य ठाणे. दिवाळी सरली की गावोगाव मंडप पडतात आणि शंकरपटाच्या गर्दीत रात्रभर नाटक चालते. तिच्या परशुराम खुणे या नटास 2023 साली पद्मश्री मिळाली. येथील नाटककार हंगामासाठी लिहितो, घाईने लिहितो. त्याच्या नाटकांतील ओढूनताणून आणलेला विनोद आणि मधेच घुसणारे नृत्य आम्हांस रुचत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून बसणारा प्रेक्षक त्याच्यापाशी आहे, आणि तो तिकीट काढून आलेला आहे. नागपूर–मुंबईच्या आमच्या जाणत्या नाटककारांपाशी तो नाही.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ ही तिन्ही नाटके चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1994 साली सलग केली, तेव्हा प्रयोग सुमारे नऊ तास चालला आणि शहरात त्याचे केवढे नवल झाले! झाडीपट्टीच्या प्रेक्षकास रात्रभर बसण्याचे नवल नाही. वडशाच्या एखाद्या मंडळीने ही नाटके काटछाट न करता मंडपात लावावीत, आणि यवतमाळच्या सरहद्दीवरील झरी, पाटणबोरीकडेही एक फेरी करावी. तेथील श्रोता त्या बंद ट्रॅक्टरपाशी हसतो की गप्प होतो, हे आम्हांस पाहावयाचे आहे.